विचारून मारायची लढाई

सावधानरावांनी चहाच्या कपाखाली बशी ठेवली, बशीखाली घडी घातलेला रुमाल ठेवला, टेबल डुगडुगत नाही ना ते दोन बोटांनी दाबून पाहिलं आणि मगच कपाला हात लावला. ताकसुद्धा फुंकून पिणारी माणसं जगात पुष्कळ असतात. सावधानराव त्या फुंकरीने ताक अंगावर उडणार नाही ना, याचाही विचार करत. एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी सुरक्षा खात्यात काढली होती. हे नाव त्यांना तिथल्याच कामगारांनी दिलेलं, आणि निवृत्त झाल्यावर तेही त्यांच्याबरोबर घरी आलं.

"बाबा," समोर बसलेली लेक म्हणाली, "आम्हाला तुम्ही हवे आहात."

"कोण हवंय म्हणालीस?" स्वयंपाकघरातून तिच्या आईने विचारलं.

"बाबा."

"हे? ते कशाला?"

"लढाईला."

आत काहीतरी खणकन पडलं.

"काच आहे का? अनवाणी फिरू नकोस, आधी चपला घाल!" सावधानराव बसल्या जागेवरून ओरडले.

"झाकण पडलंय," बायको दारात येत म्हणाली. "आणि ह्यांना तू लढाईला नेणार? बरं, ने. तेवढाच शत्रू हसून मरेल."

लेक आठवडाभर एका कचेरीत पाण्याच्या नळांचे नकाशे काढायची आणि रविवारी एका सैन्याचं नेतृत्व करायची. तिच्यासारखीच दहा ते पाच नोकरी करणारी बरीच माणसं त्या खेळात होती. पाठीला झूल, दंडाला आपल्या सैन्याची पट्टी आणि हातात स्पंजची तलवार. टेकडीच्या पायथ्याशी एक मोठं कुरण होतं, तिथे दुपारभर पहाटेचं सैन्य आणि काळोखाचं सैन्य एकमेकांवर तुटून पडायची आणि संध्याकाळी एकाच किटलीतला चहा प्यायची. पहाटेच्या सैन्याची सरदार ही लेक. काळोखाचा राजा एक दातांचा डॉक्टर होता.

"पालिकेच्या नव्या तपासणी अधिकारी आल्यात," लेक सांगत होती. "त्यांना लेखी नियम हवेत आणि अनुभवी सुरक्षा अधिकारी हवा. रविवारी स्वतः येणार आहेत. त्यांनी सही केली नाही तर कुरण सोमवारी दुसऱ्याला देणार. गाड्या धुण्याचं केंद्र काढायचंय कुणाला तरी."

"मग दुसरीकडे खेळा."

"सगळीकडून हाकललंय, बाबा. दुकानाच्या आवारातून, शाळेच्या मैदानातून. एकदा तर स्मशानाच्या मागच्या बाजूलाही गेलो होतो. कुरण गेलं की खेळ संपला."

सावधानरावांनी कप खाली ठेवला. लेकीने त्यांच्याकडे काही मागितल्याला किती वर्षं झाली ते त्यांना आठवेना. लहानपणी ते तिला सायकल शिकवायला गेले, तर मागून धरलेली सीट त्यांनी सोडलीच नाही, रोज तिच्यामागे धावायचे. शेवटी ती शेजारच्या मावशींकडून एका संध्याकाळी शिकून आली. तेव्हापासून ती जे शिकली ते बाहेरच शिकली. आणि आज ती म्हणत होती, आम्हाला तुम्ही हवे आहात. ठसका लागू नये म्हणून सावधानरावांनी चहाचा पुढचा घोट घ्यायचं टाळलं.

"आत्ता नियम किती आहेत तुमचे?" त्यांनी विचारलं.

"चार. शस्त्र मऊ पाहिजे. डोक्यावर आणि गळ्यावर मारायचं नाही. वार लागला की ज्याला लागला त्यानेच 'लागलं' म्हणून पडायचं. आणि कुणीही 'थांबा' म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं."

"चार!" सावधानराव म्हणाले. एवढ्या नियमांवर ते घरातली इस्त्रीसुद्धा वापरू देत नसत.

आता यात सावधानरावांची एक चूक झाली, आणि ती त्यांच्याच हातून होण्यासारखी होती. कारखान्यात त्यांनी जन्मभर नियम लिहिले आणि जन्मभर कामगारांनी त्या पाट्यांवर डबे अडकवले. त्यामुळे त्यांची एक पद्धत पडून गेली होती: हात मागावा तेव्हा बोट मिळतं. दोन नियम पाळले जावेत अशी इच्छा असेल तर वीस लिहावेत. त्या सवयीने त्यांनी आठवडाभर बसून लेकीच्या खेळाचे नियम लिहिले, अगदी सढळ हाताने लिहिले, आणि कुणी पाळणार नाही या भरवशावर लिहिले.

पण ही माणसं कारखान्यातली नव्हती. या खेळात पंच नसतो. झाडामागे, कुणी बघत नसताना, झुलीच्या टोकाला तलवार निसटती लागली तरी ही माणसं आपणहून "लागलं" म्हणून आडवी होत. अशा माणसांच्या हातात नियम देणं म्हणजे शपथ देण्यासारखंच होतं. त्यांनी ते पाठ केले. काळोखाचा राजा तर दातांच्या खुर्चीशी उभा राहून, रोग्याचं तोंड उघडं असताना, ते म्हणून बघत होता.

रविवारी दुपारी सावधानराव भगवं चमकदार जाकीट घालून, मांडीवर हाताने दाबायचा भोंगा घेऊन, कुरणाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसले. समोर कमरेइतकं गवत होतं, अधूनमधून सावलीची जुनी झाडं होती, आणि पोरं फुंकर मारून उडवतात त्या पांढऱ्या म्हाताऱ्या गवतावरून कुठे जायचं ते न ठरवता तरंगत होत्या. वारा येईल न येईल असा होता. लांबवर एक गाय होती, तिच्या मानेतली घंटा वाजायची आणि वाजायची विसरायची.

सावधानरावांनी भोंगा वाजवला आणि लढाई सुरू झाली.

दोन्ही सैन्यं एकमेकांकडे निघाली. ओल्या गवतावर पाय घसरतो म्हणून पळायचं नाही, असा नियम होता, म्हणून सगळे चालत निघाले. कानाशी ओरडायचं नाही, असा नियम होता, म्हणून रणगर्जना कुजबुजीत झाली. गवतातून हळूहळू सरकणाऱ्या त्या झुली, त्या वर धरलेल्या तलवारी आणि वरून उतरणाऱ्या म्हाताऱ्या बघताना सावधानरावांना वाटलं, आपण हे झोपेत बघतोय. मधोमध काळोखाचा राजा आणि पहाटेची सरदार समोरासमोर आले.

"मी आता तुझ्या डाव्या खांद्यावर वार करणार आहे," राजा म्हणाला. "चालेल का?"

"आत्ता नको, झुलीची गाठ सुटलीय."

"सावकाश बांध. पाणी प्यायलीस ना?"

"प्यायले. तू?"

"मघाशीच. बांधून झाली की सांग, मी इथेच आहे."

हल्ल्याआधी समोरच्याची परवानगी घ्यावी, हा नियम सावधानरावांनी असाच, पान भरावं म्हणून घातला होता. आता तो साऱ्या रणांगणावर अमलात येत होता. जिकडेतिकडे माणसं एकमेकांना अदबीने विचारत होती. काहीजण होकार देत, मग राजाच्या किंवा सरदाराच्या माणसाची तलवार हळूच टेकवली जाई, आणि पडणारा "लागलं, आभारी आहे" म्हणून खाली बसे. काळोखाचा राजा वार करायच्या आधी धंद्याच्या सवयीने सांगायचा, "थोडंसं जाणवेल, दुखणार नाही हं," आणि ते ऐकून दोघांनी आ केला.

सगळ्यात वाईट अवस्था गादीवाल्याची झाली. या माणसाचं गाद्या-उशांचं दुकान होतं आणि दोन्ही सैन्यांच्या सगळ्या तलवारी त्याने स्वतःच्या हातांनी स्पंज कापून शिवल्या होत्या. तो आठवडाभर या दिवसाची वाट बघत असे.

"मारू का?" त्याने एकाला विचारलं.

"आत्ता नको हो, आत्ताच जेवलोय."

"मारू का?" त्याने दुसऱ्याला विचारलं.

"जरा वेळाने या."

दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यासारखा तो दोन्ही सैन्यांतून फिरला आणि सगळीकडून विन्मुख परत आला. शेवटी तो सावधानरावांच्या खुर्चीपाशी येऊन बसला आणि तलवार खुर्चीला टेकवून गवताची काडी चावायला लागला.

मेलेल्यांसाठीही नियम होते. मेलेल्याने सावलीत, कुशीवर, डोक्याखाली मऊ काहीतरी घेऊन पडावं, बोलू नये, आणि भोंगा वाजेपर्यंत उठू नये. त्याला कुणी हलवून उठवू नये, कारण माणूस दचकून उठला की त्याला दुखापत होते. वाचनालयात काम करणाऱ्या एक बाई पहाटेच्या सैन्यात होत्या. त्यांना हा नियम इतका आवडला की त्या स्वतःच तिघांकडे जाऊन "मला मारता का?" म्हणून विचारून आल्या आणि सगळ्यांच्या आधी झाडाखाली जाऊन पडल्या.

तेवढ्यात तपासणीच्या बाई आल्या. बुटांवर धूळ, काखेत फाइल आणि डोळ्यांखाली कितीतरी दिवसांची जागरणं. त्यांनी कुरणाभोवतीच्या दोरीवरून पाय आत टाकला, आणि लेकीने लगबगीने, म्हणजे भरभर चालत, येऊन त्यांच्या दंडाला पट्टी बांधली.

"हे काय?"

"दोरीच्या आत येईल तो खेळाडू, मॅडम. बघणाऱ्यांनी बाहेर बसायचं. नाहीतर कोण लढतंय आणि कोण नुसतं उभं आहे ते कळत नाही आणि भलत्यालाच लागतं."

"चांगला नियम आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी हातातले कागद उलटले. "हे सगळं कुणी लिहिलं?"

सावधानरावांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"सविस्तर आहे," बाई म्हणाल्या. "मी पूर्ण वाचलं."

पूर्ण वाचलं! सावधानरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आजवर त्यांचं लिखाण पूर्ण कुणी वाचलं नव्हतं, छापणाऱ्यानेसुद्धा नाही. हे बायकोने ऐकायला हवं होतं असं त्यांना फार वाटलं.

"तलवारीचा मार किती लागतो ते बघायचंय," बाई म्हणाल्या. "मला मारून दाखवा."

काळोखाचा राजा पुढे आला. "खांद्यावर चालेल? आधी कधी खांदा दुखावलाय? रक्तदाबाची गोळी चालू आहे का? बरं. थोडंसं जाणवेल, दुखणार नाही हं."

तलवार टेकली.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं. तुम्ही मेलात, मॅडम."

"मग आता काय करायचं?"

"आता आडवं व्हायचं. भोंगा वाजेपर्यंत."

"अहो, मला अजून दोन ठिकाणी जायचंय!"

"मेल्यावर कुठे जाता येत नाही, मॅडम," राजा अतिशय नम्रपणे म्हणाला. "नियम आहे."

बाईंनी कागद बघितला. नियम होता. त्या स्वतः नियमांवर जगणाऱ्या होत्या, त्यामुळे पुढे वाद घातला नाही. कुणीतरी झूल घडी करून दिली, ती डोक्याखाली घेऊन त्या झाडाखाली कुशीवर वळल्या. "पाचेक मिनिटंच," एवढं म्हणाल्या आणि त्यांचे डोळे मिटले. थोड्या वेळाने झाडाखालून बारीक घोरणं ऐकू यायला लागलं.

लेक सावधानरावांच्या कानाशी आली. "बाबा, भोंगा वाजवा. त्या झोपल्यात!"

"डोळे मिटून पडलेल्या माणसाजवळ मोठा आवाज करू नये," सावधानराव कुजबुजले. "दचकतात."

"हे कुणी लिहिलं!"

"मीच लिहिलंय गं."

"मग लांब जाऊन वाजवा."

"फार लांब गेलं तर ऐकू येणार नाही. ऐकू आलं तर दचकतील."

लेक त्यांच्या खुर्चीशेजारी गवतात बसली. करण्यासारखं काहीच उरलं नाही. रणांगणावर जे जिवंत होते त्यांनी सावलीतल्या मेलेल्यांकडे हेव्याने बघितलं, आणि मग एकेकजण एकमेकांना म्हणायला लागला, "तू मला मार, मी तुला मारतो." हळूहळू दोन्ही सैन्यं झाडांखाली निजली. ऊन पिवळं होत गेलं. म्हाताऱ्या झोपलेल्यांच्या केसांत, मिशांत, झुलींच्या घड्यांत उतरत राहिल्या. गाईची घंटाही थांबली होती.

सावधानराव हे सगळं डोळे भरून बघत होते. एवढी माणसं एका जागी, आणि त्यांतल्या एकालाही काही होण्याची शक्यता नाही. कारखान्यात ज्यासाठी ते तीस वर्षं ओरडले ते आज त्यांच्यासमोर गवतात पसरलं होतं. लेक शेजारी होती, ऊन अंगावर होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हातातला भोंगा खाली कुठे ठेवतोय ते न बघता ठेवला आणि तेही पेंगले.

बाईंच्या नाकावर म्हातारी बसली आणि त्यांना सणसणीत शिंक आली. त्या शिंकेने दोन्ही सैन्यं जागी झाली. सावधानरावांनी चाचपडून भोंगा शोधला आणि वाजवला, तेव्हा मेलेले नियमाप्रमाणे उठले. बाई उठून बसल्या. चेहरा धुतल्यासारखा ताजा दिसत होता.

"कितीतरी महिन्यांत अशी झोपले नव्हते," त्या म्हणाल्या, आणि सगळे खूश होऊन हसले. लेकीने पटकन पेन पुढे केलं.

"सही कशावर करू?" बाईंनी विचारलं.

"लढाईच्या खेळाला परवानगी म्हणून, मॅडम."

"लढाई कुठे झाली?"

लेकीच्या हातातलं पेन तसंच पुढे धरलेलं राहिलं.

"हे बघा," बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "अर्ज लढाईचा आहे. मी बघितली ती झोप. मी आज सही करून गेले आणि उद्या तुमच्यातल्या कुणी खरंच तलवार चालवली, तर मी काय बघून सही केली म्हणून सांगू? झोप निर्धोक आहे, यात मला शंका नाही. लढाई निर्धोक आहे का, ते लढाई बघितल्याशिवाय कसं सांगणार? अजून ऊन आहे. दाखवा मला."

"चला," लेक ओरडली. "नियम बाजूला ठेवा. पहिल्यासारखं खेळा!"

कुणी हललं नाही.

"नियम बदलायचा तर मध्ये एक रात्र जाऊ द्यायची," झाडाखालून वाचनालयाच्या बाई म्हणाल्या. "घाईगर्दीत बदलू नये. शेवटचा नियम."

"रात्रभर थांबायला वेळ कुठे आहे!" लेक म्हणाली.

"पण आपण शब्द दिलाय," काळोखाचा राजा कळवळून म्हणाला. त्याने आपल्या परीने प्रयत्न केला. तलवार डोक्यावर नेली, डोळे वटारले आणि भयंकर आवाजात गरजला, "वार करतोय! चालेल का?"

"चालेल!" समोरचा तितक्याच त्वेषाने ओरडला आणि खांदा पुढे करून उभा राहिला.

बाईंनी मान हलवली आणि फाइलीची नाडी बांधायला घेतली.

लेक सावधानरावांजवळ आली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने त्यांच्या जाकिटावरची म्हातारी काढली आणि हळूच म्हणाली, "राहू दे बाबा. तुम्ही खूप केलंत." मग दंडावरची पट्टी सोडत ती पिशव्या ठेवल्या होत्या तिकडे चालू लागली.

सावधानराव तिच्या पाठीकडे बघत राहिले. लेकीला लढायचं होतं. लढताना कडेला कुणीतरी उभं असावं, एवढंच तिने मागितलं होतं. आणि त्यांनी काय केलं? लढाईच बंद पाडली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. सोमवारी या गवतावर गाड्या धुतल्या जातील आणि लेक पुन्हा कधी, कशासाठीही, आम्हाला तुम्ही हवे आहात असं म्हणणार नाही. ती म्हणणार नाही हे त्यांना इतकं स्पष्ट कळलं की ते उभे राहिले.

खुर्चीला गादीवाल्याची तलवार टेकलेली होती. सावधानरावांनी ती उचलली.

आणि ते पळाले. ओल्या गवतावरून पळाले. जाकीट फडफडत होतं, चष्मा नाकाच्या टोकावर आला होता, खिशातली मलमपट्टीची डबी उडून पडली तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. कुणाला विचारलं नाही. कुणाला सांगितलं नाही. मागून जाऊन त्यांनी पहाटेच्या सरदाराच्या पाठीत तलवार हाणली.

धप्प!

लेक जागच्या जागी थांबली. मग या खेळातला पहिला धडा तिच्या अंगातून आपोआप वर आला. "लागलं," ती म्हणाली आणि गवतात उताणी पडली. पडल्या पडल्या तिने वर बघितलं.

"बाबा! पाठीत?"

"लढाईत पाठ दाखवायची नसते!" सावधानराव धापा टाकत म्हणाले. मग ते दोन्ही सैन्यांकडे वळले आणि कारखान्यातल्या यंत्रांवरून ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मला विचारू नका! कुणीही विचारू नका! माझी सगळ्यांना परवानगी आहे! या!"

मग काळोखाच्या राजाच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अरे, परवानगी आधीच देऊन ठेवता येते की!" तो म्हणाला. "नियमात कुठे मनाई आहे? माझीही आहे! मलाही विचारू नका!"

"मलाही नका!"

"मलाही!"

"मला तर मुळीच विचारू नका!" वाचनालयाच्या बाई उठून किंचाळल्या, आणि त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे त्यांच्यासकट सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं. दुपारभर काडी चावत बसलेल्या गादीवाल्याने शेजाऱ्याच्या हातातली तलवार उसनी घेतली आणि एक दीर्घ आरोळी ठोकून तो सुटला. पळायचं नाही हा नियम शाबूत होता, म्हणून सगळे इतक्या झपाझप चालत होते की बघणाऱ्याला घेरी यावी. झुली उडाल्या, तलवारी धपाधप वाजल्या, झोपलेल्या म्हाताऱ्या पुन्हा उठून पिवळ्या उन्हात गरगरल्या, आणि त्यांच्यातून माणसं दिसायची आणि नाहीशी व्हायची. "लागलं!" "लागलं!" असे आनंदी आवाज चारी दिशांनी येत होते.

सावधानराव नेमके कोणत्या बाजूचे हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी त्यांना मारलं. त्यांनी गादीवाल्याला टिपलं, काळोखाच्या राजाला दंडावर दिली, आणि शेवटी वाचनालयाच्या बाईंची तलवार त्यांच्या पोटावर बसली.

"लागलं," ते म्हणाले. म्हणताना त्यांना फार बरं वाटलं. ते लेकीच्या शेजारी जाऊन पडले, डोक्याखाली मऊ काहीही न घेता. वर आकाश होतं. त्यात एकही लोंबती तार नव्हती, आणि असती तरी आज त्यांनी ती बघितली नसती. मेलेल्यांनी बोलायचं नाही, म्हणून बापलेक बोलले नाहीत. लेकीने नुसता गवतातून हात सरकवला आणि त्यांचं मनगट धरलं. हसू दाबताना तिचं अंग हलत होतं, ते त्यांना मनगटात कळत होतं.

भोंगा वाजला तो बाईंनीच वाजवला. त्या दोरीच्या कडेने सगळी लढाई बघत फिरल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि एकेकाला विचारत गेल्या. कुणाला खरचटलं? कुणाला मुका मार? कुणाच्या डोळ्याला? डॉक्टरच्या झुलीचं एक बटण तुटलं होतं. बाकी काही नव्हतं.

मग त्या सावधानरावांसमोर आल्या.

"तुम्ही विचारलं नाहीत," त्या म्हणाल्या. "सांगितलं नाहीत. पळालात. पाठीमागून मारलंत."

"हो," सावधानराव मान खाली घालून म्हणाले.

"पण डोक्यावर नाही मारलंत."

"डोक्यावर कसं मारेन हो? लेक आहे माझी."

बाईंनी फाइलीची नाडी सोडली, कागद गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

"एक अट आहे," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या, आणि सोडलेला श्वास सगळ्यांनी परत घेतला. "खेळ निर्धोक आहे. तुमचे पहिले चार नियम पुरेसे आहेत, सोबत दोरी आणि पट्टी ठेवा. मैदानावर मला धोका असा एकच दिसला. हे गृहस्थ." त्यांनी पेनाने सावधानरावांकडे दाखवलं. "यांच्यावर लक्ष ठेवायला एक सुरक्षा अधिकारी नेमा."

"मॅडम," काळोखाचा राजा चाचरत म्हणाला, "सुरक्षा अधिकारी तेच आहेत."

"होते," बाई म्हणाल्या. "आता दुसरा शोधा. यांना पट्टी बांधा."

कोणत्या सैन्याने त्यांना घ्यायचं यावर तिथेच पुन्हा लढाई जुंपायची वेळ आली. शेवटी लेकीने मघाशी सोडलेली आपली पट्टी त्यांच्या दंडाला बांधली, दोनदा गाठ मारून.

घरी आले तेव्हा बायको दारातच उभी होती. नवऱ्याच्या केसांत गवत, चष्म्याची एक दांडी वाकडी, पँटीला हिरवे डाग.

"काय झालं?" तिने लेकीला विचारलं. "मिळालं कुरण?"

"मिळालं. पण बाबांना सुरक्षा अधिकारी म्हणून काढून टाकलं."

"वाटलंच होतं मला. पाट्या लावत बसले असतील तिथेही. का काढलं?"

"धोकादायक आहेत म्हणून."

बायकोने लेकीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, पायांपासून डोक्यापर्यंत, आणि हळूहळू खुर्चीवर बसली.

"हे?"

"लेखी दिलंय त्यांनी," सावधानराव म्हणाले, आणि कागद खिशातून काढून, शेजारच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागले.